दोन झटक्यांमधले आयुष्य : अपस्मार, विवाह आणि कायदा

अपंगत्व म्हटले की डोळ्यांसमोर एखादी खूण उभी राहते. कुबडी, पांढरी काठी, कानामागचे यंत्र, चाकांची खुर्ची. अशी खूण बाळगणाऱ्या माणसाशी समाज न्यायाने वागतो असे मुळीच नाही. परंतु त्याला काही अडचण आहे एवढे तरी तो मान्य करतो. ज्या अपंगत्वाला खूणच नाही, त्याच्या वाट्याला हेही येत नाही. ते दिसत नाही तोवर माणसावर ढोंगाचा संशय घेतला जातो आणि ज्या क्षणी दिसते त्या क्षणापासून ‘आजवर लपवून ठेवले’ हा आरोप सुरू होतो. या दोन आरोपांच्या कात्रीत सापडलेल्या माणसांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही, कारण त्यांनी स्वतःच आपल्या खुणा पुसत आयुष्य काढलेले असते. येथे आम्ही अशा एकाच व्याधीचा आणि तिच्या इतिहासातील एकाच धाग्याचा मागोवा घेणार आहोत. व्याधी अपस्मार आणि धागा विवाहाचा. आपल्या समाजात माणसाला ‘धडधाकट’ ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांपेक्षाही सोयरीक जुळवणाऱ्यांकडे अधिक राहिला आहे, म्हणून हा धागा आम्ही निवडला.

अपस्मार म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत्-क्रियेत अचानक उसळणारा आणि पुन्हा शांत होणारा अतिरेक. झटका बहुधा एक-दोन मिनिटांचा असतो. वर्षाकाठी तीन-चार झटके येणाऱ्या माणसाचा हिशेब मांडला, तर त्या आजाराने प्रत्यक्ष व्यापलेला वेळ दहा मिनिटांपलीकडे जात नाही. उरलेले सबंध वर्ष तो तुमच्या-आमच्यासारखा असतो. प्रत्येक झटक्यात माणूस कोसळतो, हातपाय झाडतो असेही नाही. काही मुलांमध्ये तो केवळ काही सेकंदांचे शून्यात पाहणे एवढाच असतो. वर्गात अशा मुलाला ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून बोलणी बसतात आणि मूल प्रामाणिकपणे सांगते की आपल्याला काहीच आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतातील संख्या १ कोटीहून अधिक मानली जाते. योग्य औषधोपचार मिळाल्यास यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. तरीही समाजाने त्या दहा मिनिटांवरून उरलेल्या वर्षाचा निकाल लावला. तो कसा लावला, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रोगी आणि कुळ

‘अपस्मार’ हा शब्दच मुळी एक निरीक्षण आहे. स्मृतीचे निघून जाणे, असा त्याचा सरळ अर्थ. चरकसंहितेच्या निदानस्थानातील आठवा आणि चिकित्सास्थानातील दहावा अध्याय या रोगाला वाहिलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही त्याचे स्वतंत्र प्रकरण येते. चरकाने अंधारात शिरल्यासारखी अवस्था आणि विद्रूप हालचाली यांचे वर्णन केले, दोषांनुसार रोगाचे चार प्रकार पाडले आणि प्रत्येकाचे उपचार सांगितले. आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर ही उपपत्ती टिकणार नाही हे उघड आहे. पण वैद्याची नजर रोग्याच्या शरीरावर होती ही गोष्ट महत्त्वाची. ग्रीसमध्येही इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रातीस-परंपरेतील एका ग्रंथकाराने ‘पवित्र रोग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच व्याधीवर लिहिताना, ती इतर रोगांहून अधिक दैवी नाही, तिचे मूळ मेंदूत आहे आणि देवांचे नाव पुढे करणारे आपले अज्ञान झाकत आहेत, असे बजावले होते.

धर्मशास्त्राची नजर मात्र वेगळ्या ठिकाणी होती. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, धनधान्याने आणि पशुधनाने कितीही संपन्न असली तरी विवाहसंबंधासाठी टाळावीत अशी दहा कुळे सांगितली आहेत. त्यांत क्षय, श्वित्र आणि कुष्ठ यांच्याबरोबर अपस्मार असलेले कुळही आहे. वैद्यकाने रोगी पाहिला, धर्मशास्त्राने कुळ पाहिले. आम्हांला हा फरक निर्णायक वाटतो. रोग्याला उपचार देता येतात. कुळाला उपचार नसतो, त्याला फक्त टाळता येते. ‘घराण्यात काही नाही ना?’ हा सोयरिकीच्या बैठकीतला प्रश्न आजही रोग्याविषयी नसतो, तो कुळाविषयी असतो. म्हणूनच एका भावाला झटके येतात हे कळल्यावर निरोगी बहिणीचे स्थळही परत जाते, आणि म्हणूनच घरातली वडीलधारी मंडळी भावाला लपवतात. हे क्रौर्य त्यांनी शोधून काढलेले नसते. समोरच्या बैठकीत कोणता प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक असते, एवढेच.

लोकव्यवहारात या दोन्ही प्रवाहांच्या खाली तिसरा एक प्रवाह वाहत राहिला. फेफरे, मिरगी, आकडी, अलीकडे ‘फीट’ अशी नावे बदलली. झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, हातात लोखंडी किल्ली देणे, बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेणे हे उपाय बदलले नाहीत. झटका काही मिनिटांत आपोआपच थांबतो, त्यामुळे त्या वेळी जे काही केले असेल त्यालाच गुण आला असे वाटते. चपलेची कीर्ती अबाधित राहिली ती या योगायोगाच्या बळावर. मात्र भर रस्त्यात ज्याच्या नाकाशी चप्पल धरली गेली, त्याला शुद्धीवर येताना पहिल्यांदा काय दिसते आणि भोवती कोण उभे असते, याचा विचार या उपायात कुठेच नव्हता.

शास्त्राने घेतलेला धर्मशास्त्राचा वारसा

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यकाने अपस्माराला भुताखेतांच्या तावडीतून बऱ्याच अंशी सोडवले. १८५७ मध्ये ब्रोमाइडचा उपयोग पुढे आला. १८७० च्या दशकात जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश वैद्याने झटका म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून होणारा आकस्मिक, अतिरिक्त स्राव होय, अशी व्याख्या केली. पुढे १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन आणि १९३८ मध्ये फिनिटॉइन ही औषधे आली. १९२९ मध्ये हान्स बर्गर याने मेंदूच्या विद्युत्-आलेखाविषयीचे आपले काम प्रसिद्ध केले. जे अदृश्य होते ते कागदावर रेषांच्या रूपाने दिसू लागले.

येथे कोणाचीही अपेक्षा अशी असेल की, ज्ञान वाढले तसा भेदभाव ओसरला असेल. घडले ते उलट. ज्या काळात औषधे येत होती त्याच काळात आनुवंशिकतेच्या नावाने नवे धर्मशास्त्र रचले जात होते. १८८३ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने सुप्रजननशास्त्राला नाव दिले. १८९५ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने अपस्मार असलेल्यांच्या विवाहावर कायद्याने बंदी घातली आणि इतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. गावांपासून दूर ‘वसाहती’ उभारून अपस्मार असलेल्यांना तेथे ठेवण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रूढ झाली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली तो प्रसिद्ध खटला ज्या संस्थेतून आला, तिच्या नावातच ‘अपस्मारी आणि मतिमंद’ अशी जोडी होती. १४ जुलै १९३३ रोजी नाझी जर्मनीने केलेल्या नसबंदीच्या कायद्यातील रोगांच्या यादीतही आनुवंशिक अपस्मार होता.

इंग्लंडने नसबंदीचा मार्ग स्वीकारला नाही. पण १९३७ च्या तेथील वैवाहिक कायद्याने वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीचा विवाह रद्द ठरवता येईल अशी तरतूद केली. ‘वेड किंवा अपस्मार’ ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेंदूच्या एका शारीरिक विकाराला वेडाच्या शेजारी बसवण्याचे काम या तीन शब्दांनी केले, आणि जणू वेड लागलेल्या माणसालाही काही हक्क नसतात असे गृहीत धरून केले. आपल्या कथेत ही जोडी पुढे पुन्हा भेटणार आहे.

दोन लेखक, दोन मार्ग

कायद्याची कथा पुढे नेण्याआधी साहित्याकडे वळणे आवश्यक आहे. कारण सांगावे की लपवावे या प्रश्नाचे दोन टोकाचे अनुभव एकोणिसाव्या शतकातील दोन लेखकांच्या चरित्रांत सापडतात.

एडवर्ड लिअर हा बालवाङ्मयातील निरर्थगीतांचा बादशहा आणि निसर्गचित्रकार. १८७३ च्या नोव्हेंबरात तो मुंबईला उतरला आणि पुढे वर्षभराहून अधिक काळ हिंदुस्थानभर चित्रे काढीत हिंडला. त्याला लहानपणापासून अपस्मार होता. त्याने तो जन्मभर जवळच्या मित्रांपासूनही लपवला. झटका येणार याची चाहूल त्याला लागत असे, आणि ती लागताच तो खोलीत निघून जाई. त्याच्या रोजनिशीत झटक्यांची नोंद फुल्या आणि आकडे यांनी केलेली आढळते. व्याधीला त्याने ‘सैतान’ असे नाव दिले होते. तो अविवाहित राहिला. हसवणाऱ्या माणसाने आयुष्यभर दार लावून घेण्याची तयारी ठेवलेली असावी, ही गोष्ट त्याच्या गमतीदार कवितांच्या वाचकाला पटकन खरी वाटत नाही. अदृश्य अपंगत्वाचे यश म्हणतात ते हेच, आणि त्याची किंमतही हीच.

दुसरा लेखक दस्तयेवस्की. १८५७ च्या फेब्रुवारीत त्याचा पहिला विवाह झाला आणि नवपरिणित जोडपे परतत असताना वाटेतच त्याला तीव्र झटका आला. हा खराखुरा अपस्मार आहे, असे डॉक्टरांनी तेव्हा निश्चितपणे सांगितले. त्यानंतर भावाला लिहिलेल्या पत्रात, हे आधी खात्रीने कळले असते तर आपण लग्नच केले नसते, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले आहेत. दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, त्याने आन्ना ग्रिगोर्येव्ना हिच्याशी विवाह केला. ती लघुलेखनासाठी त्याच्याकडे प्रथम आली त्या पहिल्याच भेटीत त्याने आपल्याला अपस्मार असल्याचे तिला सांगून टाकले, असे तिने आठवणींत नोंदवले आहे. १८८१ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत हा संसार टिकला आणि त्याच्या थोर कादंबऱ्यांपैकी बहुतेक याच काळात लिहून झाल्या. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे खरे. परंतु आधी सांगितलेला अपस्मार आणि नंतर कळलेला अपस्मार यांतला फरक याहून स्पष्ट करणारे उदाहरण मिळणे कठीण आहे.

‘इडियट’ (१८६८–६९) या कादंबरीतील मिश्किनची व्यक्तिरेखा शिकवताना आपण सहसा त्याच्या निरागसतेवर आणि ख्रिस्तसदृशतेवर थांबतो. झटक्यापूर्वीच्या तेजोमय क्षणाचे वर्णनही वर्गात आवर्जून वाचले जाते. आमचे म्हणणे असे की, त्या कादंबरीतील अपस्माराचा सामाजिक अर्थ दुसऱ्याच प्रसंगात आहे. येपांचिन कुटुंब आग्लायाचा भावी वर म्हणून मिश्किनला प्रतिष्ठितांच्या बैठकीत आणते. तेथे त्याच्या हातून मौल्यवान चिनी फुलदाणी फुटते आणि थोड्याच वेळात त्याला झटका येतो. त्या रात्री आग्लायाच्या आईचा निश्चय होतो की हा जावई नको. दुसऱ्या दिवशी तिचेच मन डळमळते. माणूस म्हणून तो तिला अजूनही प्रिय आहे. नाकारला जातो तो ‘स्थळ’ म्हणून. पाहण्याच्या कार्यक्रमाची ही रशियन आवृत्ती मराठी वाचकाला परकी वाटण्याचे काहीच कारण नाही.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन याने १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलंकाविषयीच्या ग्रंथात दोन प्रकारची माणसे वेगळी केली आहेत : ज्यांचा कलंक उघड आहे अशी, आणि ज्यांचा कलंक उघड होऊ शकतो अशी. पहिल्यांना लोकांच्या नजरा सांभाळाव्या लागतात. दुसऱ्यांना माहिती सांभाळावी लागते. पुढे १९८६ मध्ये स्कॅम्ब्लर आणि हॉपकिन्स यांनी अपस्मार असलेल्यांचाच अभ्यास करून प्रत्यक्ष वाट्याला आलेला कलंक आणि मनात धास्तीच्या रूपाने वावरणारा कलंक असा भेद केला. दुसऱ्याने होणारे नुकसान पहिल्याहून अधिक असू शकते, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. लिअरला त्याच्या मित्रांनी टाकले असते की नाही हे कधीच ठरू शकणार नाही. त्याने ती वेळच येऊ दिली नाही.

१९५५ ते १९९९ : एका शब्दाची ये-जा

आता भारतीय कायदा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या मूळ पाठात अपस्माराचा उल्लेख नव्हता. विवाहाच्या वेळी कोणताही पक्ष जडबुद्धी किंवा वेडा नसावा, एवढीच कलम ५ मधील अट होती. संमती बळजबरीने किंवा फसवणुकीने मिळवली असल्यास विवाह रद्द करून घेता येईल, असे कलम १२ म्हणत होते. या फसवणुकीच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. त्याचा निवाडा १९७२ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापलेला आहे. पत्नीला अपस्मार होता आणि तो विवाहापूर्वी सांगितला गेला नाही, उलट मुलगी निरोगी असल्याचे भासवले गेले, अशी पतीची तक्रार होती. बरा होऊ शकणाऱ्या अपस्माराविषयी मौन पाळणे किंवा मुलगी निरोगी आहे असे सांगणे म्हणजे या कलमाच्या अर्थाने फसवणूक नव्हे, असा निर्णय न्यायालयाने दिला. विवाह टिकला.

चार वर्षांनी, १९७६ मध्ये, विवाहविषयक कायद्यांत मोठी दुरुस्ती झाली. घटस्फोट सुलभ करणारी, परस्परसंमतीचा मार्ग खुला करणारी दुरुस्ती म्हणून ती प्रागतिक मानली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातच दोन बदल असे होते की अपस्मार असलेल्या माणसासाठी, विशेषतः स्त्रीसाठी, दोन्हीकडची दारे बंद झाली. कलम ५ मध्ये, वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत असलेली व्यक्ती विवाहास पात्र नाही, अशी नवी अट घातली गेली. आणि फसवणुकीच्या व्याख्येत प्रतिवादीविषयीच्या कोणत्याही महत्त्वाच्या वस्तुस्थितीचा समावेश करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्याने जे छत्र दिले होते, ते अशा रीतीने दोन्ही बाजूंनी काढून घेतले गेले.

‘वेड किंवा अपस्मार’ ही इंग्लंडच्या १९३७ च्या कायद्यातली जोडी येथे जवळपास जशीच्या तशी भेटते. गंमत, किंवा शोकांतिका, अशी की खुद्द इंग्लंडने १९७१ च्या कायद्याने अपस्मार हा शब्द वगळला होता. तेथे ज्या कपड्याला रद्दीत टाकले गेले तो पाच वर्षांनी आपण नवा म्हणून शिवून घेतला. शिवताना तो अधिक घट्टही केला. इंग्लंडच्या कायद्यात विवाह रद्द करून मागणाऱ्याला हे सिद्ध करावे लागे की, लग्नाच्या वेळी आपल्याला रोगाची माहिती नव्हती. शिवाय एका वर्षाच्या आत दाद मागावी लागे. आपल्या कलम १२ मध्ये या कारणासाठी अशी अट ठेवलेली नव्हती. म्हणजे तेथे आक्षेप लपवण्यावर होता, येथे तो व्याधीवरच होता. मुलीने लग्नाआधी सर्व काही सांगितले, मुलाने ते ऐकून लग्न केले, तरी कायद्याच्या अक्षरानुसार पुढे ते रद्द ठरवून घेण्याची वाट खुली होती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही हीच अट घातली गेली, आणि तेथे तर अट मोडल्यास विवाह मुळातच शून्य ठरत होता. जात-धर्म ओलांडून लग्न करू पाहणाऱ्यांसाठी केलेल्या कायद्यात मनुस्मृतीतील एक अट अशा आडवाटेने परत आली.

या कलमाच्या बाजूने जे म्हटले जाते त्याचाही विचार करायला हवा. ज्याला अंधारात ठेवून लग्न लावले गेले त्या जोडीदारावर अन्याय होत नाही काय? होतो, हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्या अन्यायाचे उत्तर फसवणुकीविरुद्धचे कलम हे आहे. एका सबंध जनसमूहाला विवाहास अपात्र ठरवणे हे नव्हे. आणि माणसे लपवतात का, याचे उत्तर अपात्र ठरवणाऱ्या कलमातच आहे. सांगितले तर कायदा आणि समाज दोघेही लग्न होऊ देत नाहीत. न सांगितले तर दोघेही मोडून देतात. अशा ठिकाणी सत्य बोलण्याचा आग्रह धरणे सोपे असते, कारण सत्याची किंमत दुसरा कोणी मोजत असतो.

१९७० मध्ये स्थापन झालेली इंडियन एपिलेप्सी असोसिएशन आणि देशातील मेंदूविकारतज्ज्ञ यांनी हा शब्द वगळण्याची मागणी लावून धरली. अखेर १९९९ च्या विवाह कायदे (दुरुस्ती) अधिनियमाने दोन्ही कायद्यांतून ‘किंवा अपस्मार’ एवढे शब्द गाळले. तेवीस वर्षे चाललेले कलम दोन शब्दांच्या खोडणीने संपले. या तेवीस वर्षांत जी लग्ने मोडली आणि जी झालीच नाहीत त्यांची कोठे मोजदाद असेल, अशी अपेक्षाही करता येत नाही. अदृश्य अपंगत्वाच्या इतिहासाची साधने ही अशी असतात : खोडलेले शब्द, रोजनिशीतल्या फुल्या, आणि परत आलेल्या पत्रिका.

शब्द गेला, प्रश्न राहिला

फसवणुकीच्या व्याख्येतील ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ हे शब्द आजही कायद्यात आहेत, आणि अपस्मार ही तशी वस्तुस्थिती आहे की नाही हा वाद आजही न्यायालयांपर्यंत नेता येतो. घटस्फोटाच्या अर्जांतही अपस्मार डोकावतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे असे एक प्रकरण आले. अपस्मार हा असाध्य रोग नाही, आणि घटस्फोटासाठी कायद्याने सांगितलेला मनोविकारही नाही, असे सांगून न्यायालयाने पतीची मागणी फेटाळली. १९७२ मध्ये छापलेला निवाडा आणि हा निवाडा यांत अर्धशतकाचे अंतर आहे. दोन्हींत अर्जदार पती आहे, आणि दोन्हींत न्यायालयाला तीच गोष्ट समजावून सांगावी लागली आहे.

घरात काय घडते ते न्यायालयाच्या कागदांत येत नाही. झटका येण्याची दोन सर्वपरिचित कारणे म्हणजे अपुरी झोप आणि चुकलेली गोळी. आता आपल्याकडचे लग्न डोळ्यांसमोर आणावे. हळदीपासून सत्यनारायणापर्यंतची जागरणे, उपास, पाहुण्यांनी भरलेले घर आणि गोळ्यांची पाकिटे सामानाच्या तळाशी. ती बाहेर काढायला नव्या घरात एकांत नाही. गोळी कशाची असे कोणी विचारले तर द्यायला उत्तर नाही. झटका न येण्यासाठी जे करायला हवे नेमके तेच लपवण्याच्या खटाटोपात करता येत नाही, आणि मग सगळ्यांच्या देखत तो येतो. त्यानंतर ‘आम्हांला फसवले’ हे वाक्य येते. गरोदरपणाचे तर आणखी गंभीर. अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात. पण व्हॅल्प्रोएटसारख्या काही औषधांनी गर्भाला धोका संभवत असल्यामुळे औषधांची फेरआखणी डॉक्टरांनी आधीच करायला हवी असते. जिने सासरी काहीच सांगितलेले नाही ती डॉक्टरांपुढे सासूच्या देखत काय सांगणार? ती एक तर धोक्याची गोळी घेत राहते किंवा मनानेच सगळ्या गोळ्या बंद करते. दोन्हींत जीव पणाला लागतो.

अपंगांच्या हक्कांचे कायदे येथे कितपत उपयोगी पडतात? १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; त्यांत अपस्मार नव्हता. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले. त्यांत दीर्घकालीन चेताविकार हा प्रकार आला, पण उदाहरणादाखल नावे दिली ती मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची. प्रमाणपत्र आणि आरक्षण यांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. आणि जो माणूस वर्षातून दहा मिनिटे शंभर टक्के आणि उरलेला काळ शून्य टक्के अपंग असतो, त्याची सरासरी कोणत्या मापाने काढायची हा प्रश्नच आहे. मात्र याच कायद्याने अपंग व्यक्तीची व्याख्या टक्क्यांपेक्षा व्यापक ठेवली आहे : दीर्घकालीन न्यूनता आणि समाजातील अडथळे यांच्या संयोगातून ज्याच्या सहभागाला बाध येतो ती व्यक्ती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात याच व्याख्येचा आधार घेतला. प्रमाणपत्रापुरते ४० टक्के नसले तरी लेखनिकाची सोय नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाला सांगितले. हा विकारही न दिसणाराच. त्या निवाड्याने उघडलेली वाट अपस्मार असलेल्या विद्यार्थ्यांना, नोकरदारांना चालून जाता येण्यासारखी आहे. वाहन चालवण्याच्या परवान्यासारख्या बाबतीत सुरक्षिततेचा प्रश्न खरा असतो आणि तेथे निर्बंध समजण्याजोगे आहेत. पण लेखनिकाच्या, ग्रंथपालाच्या किंवा शिक्षकाच्या नोकरीत तोच निर्बंध आणला, की तो सुरक्षिततेचा राहत नाही.

कायद्याबाहेरही काही घडते आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या अनुभवातून संवेदना फाउंडेशन हा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट उभा केला, आणि लग्नाच्या प्रश्नालाही तेथे वाचा फुटली. लिअरने जे दार जन्मभर लावून घेतले ते एखाद्या खोलीत सगळ्यांनी मिळून उघडायचे, हे या गटांचे ऐतिहासिक महत्त्व. एकट्याने सांगणे ही कबुली ठरते; दहा जणांनी सांगितले की ती माहिती होते.

भारतात हजारी सुमारे पाच जणांना अपस्मार असतो, असे सर्वेक्षणांवरून मानले जाते. दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात हा आकडा दहाच्या घरात जातो. आम्ही शिकवतो त्या वर्गांतही ती मुले-मुली बसलेली असणार. परीक्षेच्या जागरणानंतर त्यांना झटका येत असणार. गैरहजेरीच्या अर्जात ती ‘तापामुळे’ असे लिहीत असणार. मिश्किनच्या तेजोमय क्षणावर आपण रसभरीत बोलत असतो तेव्हा त्यांतील कोणीतरी मान खाली घालून टिपणे काढीत असते. ‘अंगात फेफरं भरलंय का?’ असे आपण स्टाफरूममध्ये सहज म्हणून जातो, तेव्हा दाराबाहेर जर्नल घेऊन कोण उभे आहे हे आपल्याला ठाऊक नसते. कायद्यातून दोन शब्द खोडायला तेवीस वर्षे लागली. आपल्या बोलण्यातून एक शब्द खोडायला संसदेची गरज नाही.